पंधरा खाटांचे रुग्णालय सुरू करताना: परवाने, एफ फॉर्म, संमती आणि केस पेपर

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. पत्नी स्त्रीरोगतज्ज्ञ आणि पती एम.डी. मेडिसिन, तालुक्याच्या गावी पंधरा खाटांचे रुग्णालय सुरू करायचे आहे. सोनोग्राफी, प्रसूती, सिझेरियन आणि गर्भपात या सेवा द्यायच्या आहेत. परवाने कोणते लागतील, गर्भवतीच्या सोनोग्राफीची नोंद ज्यात ठेवायची त्या एफ फॉर्ममधल्या किरकोळ चुकीवरून खरोखर तुरुंगात जावे लागते का, अल्पवयीन मुलगी आली तर काय करावे आणि तक्रार झालीच तर बचाव कशाने होतो, हे आपण विचारले आहे. वैद्यकीय पदवीनंतर मी कायद्याकडे वळलो आणि गेली बावीस वर्षे महाराष्ट्रातील लहान-मोठ्या रुग्णालयांची हीच कामे करतो. परवाना नसल्यामुळे अडचणीत आलेले डॉक्टर मी फार पाहिले नाहीत. सगळे परवाने भिंतीवर लावलेले असताना, रोजची नोंद त्या-त्या वेळी न लिहिल्यामुळे अडकलेले मात्र पुष्कळ पाहिले. म्हणून परवान्यांचे थोडक्यात सांगतो आणि नोंदींवर अधिक वेळ घेतो.

केंद्राचा २०१० चा क्लिनिकल एस्टॅब्लिशमेंट्स कायदा महाराष्ट्राने स्वीकारलेला नाही. आपल्याकडे महाराष्ट्र शुश्रूषागृह नोंदणी अधिनियम, १९४९ चालतो आणि त्याखालची नोंदणी दर तीन वर्षांनी नूतनीकरण करावी लागते. २०२१ मध्ये या कायद्याच्या नियमांत मोठी सुधारणा झाली. रुग्णहक्क सनद आणि दरपत्रक दर्शनी भागात लावणे, तक्रार निवारणाची सोय ठेवणे आणि बिल थकले म्हणून मृतदेह अडवून न ठेवणे या गोष्टी तेव्हापासून नियमांत स्पष्ट लिहिलेल्या आहेत. जैववैद्यकीय कचऱ्यासाठी महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचे प्राधिकारपत्र लागते. २०१६ च्या नियमांप्रमाणे प्रक्रिया न केलेला कचरा ४८ तासांपेक्षा जास्त काळ आवारात ठेवता येत नाही आणि वार्षिक अहवाल ३० जूनपर्यंत द्यावा लागतो. एक्स-रे किंवा सी-आर्म (शस्त्रक्रियेच्या वेळी वापरायचे एक्स-रे यंत्र) घेणार असाल तर अणुऊर्जा नियामक मंडळाची परवानगी हवी. आगीच्या बाबतीत २००६ च्या राज्य कायद्याप्रमाणे परवानाधारक एजन्सीकडून दर जानेवारी आणि जुलैमध्ये यंत्रणा चालू स्थितीत असल्याचे प्रमाणपत्र घ्यायचे असते. ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडारा जिल्हा रुग्णालयाच्या नवजात शिशु कक्षात आग लागून दहा बाळे दगावली. त्यामुळे हे प्रमाणपत्र घेताना तंत्रज्ञाबरोबर स्वतः फिरा, आणि नवजात कक्षातील वायरिंग, वॉर्मर (बाळाला ऊब देणारे यंत्र) आणि बाहेर पडण्याची वाट आपल्या डोळ्यांनी पाहा, असा माझा आग्रह असतो.

सोनोग्राफीची नोंदणी वेगळी आणि सर्वांत आधी करायची. नोंदणी नसलेल्या केंद्राला यंत्र विकणे हाच कायद्याने गुन्हा असल्याने प्रमाणपत्र हाती येण्यापूर्वी यंत्राची आगाऊ रक्कम देऊन बसू नये. हे प्रमाणपत्र पाच वर्षांचे असते. येथे एक गोष्ट एम.डी. मेडिसिन असलेल्या डॉक्टरांसाठी सांगणे आवश्यक आहे. हृदयाच्या तपासणीसाठी घेतलेले टूडी एको यंत्र गर्भवतीवर कधीच वापरले जाणार नसले, तरी त्या यंत्राने गर्भ दिसू शकत असेल तर त्याचीही नोंद करावी लागते, कारण यंत्र काय करू शकते यावर कायद्याचा भर आहे. पोर्टेबल यंत्र आपल्या रुग्णालयाच्या आवाराबाहेर, अगदी शेजारच्या रुग्णालयात तातडीच्या रुग्णासाठीसुद्धा, नेता येत नाही. यंत्र, जागा किंवा सोनोग्राफी करणारी व्यक्ती बदलायची असेल तर किमान तीस दिवस आधी कळवावे लागते.

आता एफ फॉर्म. गर्भलिंगनिदानाविरुद्ध देशातला पहिला कायदा महाराष्ट्रानेच १९८८ मध्ये केला; केंद्राचा कायदा १९९४ मध्ये आला आणि २००३ मध्ये तो अधिक कडक झाला. त्याच्या कलम ४(३) च्या परंतुकात असे म्हटले आहे की गर्भवतीच्या सोनोग्राफीची पूर्ण नोंद ठेवणे ही तपासणी करणाऱ्याची जबाबदारी असून त्या नोंदीत उणीव किंवा चूक आढळल्यास, उलट सिद्ध होईपर्यंत, ते कलम ५ किंवा ६ चे, म्हणजे लिंगनिदान करण्यावरील व लिंग सांगण्यावरील बंदीचे, उल्लंघन मानले जाईल. सोप्या शब्दांत सांगायचे तर फॉर्म अपुरा असला की लिंगनिदान केले नाही हे सिद्ध करण्याचा भार डॉक्टरवर येतो. पहिल्या गुन्ह्यास तीन वर्षांपर्यंत कैद व दहा हजारांपर्यंत दंड आहे, गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे. शिवाय न्यायालयाने आरोप निश्चित केले की वैद्यक परिषदेकडून नोंदणी निलंबित होऊ शकते. ‘कारकुनी चुकांना गुन्हा मानू नये’ ही मागणी स्त्रीरोगतज्ज्ञांच्या महासंघाने सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेली होती. ३ मे २०१९ रोजी न्यायालयाने ती फेटाळली आणि ही नोंद हाच या कायद्याच्या अंमलबजावणीचा पाया आहे, अशी भूमिका घेतली. तेव्हा आपल्या प्रश्नाचे सरळ उत्तर ‘होय, तशी वेळ येऊ शकते’ असे आहे, आणि यावर कोणी वेगळे आश्वासन देत असेल तर त्यावर विसंबू नये.

मला स्वतःला हा कायदा डॉक्टरांच्या विरोधातला वाटत नाही. ज्या जिल्ह्यांत मुलींची संख्या घसरत गेली तिथल्या जनगणनेच्या तक्त्यांकडे पाहिले की तो का कडक झाला ते कळते. प्रामाणिक डॉक्टर त्यात सापडतो तो बहुधा फॉर्म भरण्याच्या पद्धतीमुळे. एका तालुक्याच्या गावी तपासणी पथक आले तेव्हा मी संबंधित डॉक्टरांच्या शेजारी बसलो होतो. टेबलावर चार महिन्यांचे फॉर्म होते. एका गठ्ठ्यात शेवटच्या पाळीची तारीख कोरी, दुसऱ्या गठ्ठ्यात पत्त्याच्या जागी फक्त गावाचे नाव, अनेक फॉर्मवर तपासणीचे कारण एकच आणि तेही एकाच हस्ताक्षरात. सर्वांत वाईट म्हणजे महिनाभराच्या फॉर्मवरील डॉक्टरांच्या सह्या एकाच पेनने, एकाच तिरक्या ओळीत, एकामागून एक केल्याचे उघड दिसत होते. त्या डॉक्टरांनी आयुष्यात लिंगनिदान केले नव्हते याची मला खात्री होती, पण त्या टेबलावर ती खात्री कोणाच्याच उपयोगाची नव्हती. पुढची साडेचार वर्षे न्यायालयाच्या तारखांत गेली.

आपल्या रुग्णालयात एक विशेष अडचण येईल, ती आधीच सांगतो. पत्नी स्वतःच स्त्रीरोगतज्ज्ञ असल्याने बहुतेक रुग्णांना दुसऱ्या डॉक्टरची चिठ्ठी नसेल. फॉर्ममध्ये अशा वेळी स्वयं-संदर्भाचा पर्याय आहे, परंतु त्याचा अर्थ रुग्ण स्वतः येऊन सोनोग्राफी मागते असा होत नाही. तपासणाऱ्या डॉक्टरनेच आपल्या केस पेपरच्या आधारे, कारणासह, संदर्भ-चिठ्ठी लिहायची आणि ती फॉर्मसोबत जपून ठेवायची असते. ही चिठ्ठी बहुतेक रुग्णालयांत नसतेच. गर्भवतीचे आणि डॉक्टरचे प्रतिज्ञापन तपासणीच्या वेळीच सही होऊन पूर्ण झाले पाहिजे. फॉर्म सिस्टरने भरला तरी सही करण्यापूर्वी तो डॉक्टरने वाचला पाहिजे, आणि ती सही रुग्ण खोलीतून बाहेर जाण्यापूर्वी व्हावी. मासिक अहवाल पुढच्या महिन्याच्या ५ तारखेपर्यंत जातो. रजिस्टरातील एकूण संख्या, फॉर्मची संख्या आणि अहवालातील संख्या या तिन्ही दर महिन्याच्या १ तारखेला जुळवून पाहण्याचे काम एका ठरावीक व्यक्तीकडे द्यावे. पथक आलेच तर त्यांना अडवू नये. जप्ती झाल्यास वस्तूंची यादी तिथेच, दोन प्रतींत, साक्षीदारांच्या सह्यांसह होते आणि एक प्रत आपल्याला मिळते. ती घेतल्याशिवाय पथकाला निरोप देऊ नये.

गर्भपाताच्या कायद्याबाबत गैरसमज याहूनही अधिक आहेत. १९७१ च्या कायद्यातील २०२१ ची सुधारणा २४ सप्टेंबर २०२१ पासून लागू झाली. वीस आठवड्यांपर्यंत एका नोंदणीकृत डॉक्टरचे मत पुरते, वीस ते चोवीस आठवड्यांच्या दरम्यान ठरावीक गटांतील स्त्रियांसाठी दोघांचे मत लागते, आणि त्यापुढे गर्भात गंभीर दोष असल्यास वैद्यकीय मंडळाकडे जावे लागते. सज्ञान स्त्रीच्या बाबतीत फक्त तिचीच संमती लागते. पतीची सही मागणे ही कायद्याची अट कधीच नव्हती, तरीही गावोगावच्या रुग्णालयांत ती आजही मागितली जाते आणि त्या सहीसाठी बाईला घरी परत पाठवले जाते. दिवस वाढतात, धोका वाढतो आणि कधी ती परत येतच नाही. हे मला फार चुकीचे वाटते. आपल्या रुग्णालयात पहिल्या दिवसापासून ही पद्धत पडू देऊ नये. २९ सप्टेंबर २०२२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने वीस ते चोवीस आठवड्यांची मुभा अविवाहित स्त्रियांनाही लागू केली आहे.

गुप्ततेचा नियम तर फार थोड्या ठिकाणी पाळलेला दिसतो. गर्भपातासाठी दाखल झालेल्या स्त्रीचे नाव फक्त दाखल नोंदवहीत लिहायचे असते; केस शीट, शस्त्रक्रियागृहाचे रजिस्टर, फॉलोअपचे कार्ड यांवर त्या नोंदवहीतील अनुक्रमांकच टाकायचा. ती नोंदवही गोपनीय दस्तऐवज असून कुलपात ठेवायची असते. प्रत्यक्षात ऑपरेशन थिएटरच्या बाहेर टेबलावर उघड्या पडलेल्या रजिस्टरात नाव, गाव आणि ‘एमटीपी’ (गर्भपाताचे इंग्रजी लघुरूप) असे स्पष्ट लिहिलेले मी अनेकदा पाहिले आहे. तालुक्याच्या गावात सगळे एकमेकांना ओळखतात, त्यामुळे तिथे या नियमाचे मोल शहरापेक्षा जास्त आहे.

अल्पवयीन मुलीच्या बाबतीत दोन कायदे एकमेकांसमोर उभे राहतात. पॉक्सो, म्हणजे बालकांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या कायद्याच्या कलम १९ प्रमाणे अठरा वर्षांखालील मुलीवर लैंगिक अत्याचार झाल्याचे कळल्यास पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे आणि न कळवल्यास सहा महिन्यांपर्यंत शिक्षा आहे; मुलीची संमती होती की नव्हती याने फरक पडत नाही. दुसऱ्या बाजूला, कळवले जाईल या भीतीने मुलगी आणि तिची आई भोंदूकडे किंवा औषध दुकानातल्या गोळ्यांकडे वळतात. वर सांगितलेल्या २०२२ च्या निकालाने यातून एक वाट काढली आहे: मुलीने आणि तिच्या पालकांनी विनंती केल्यास, गर्भपात करणाऱ्या डॉक्टरने कलम १९ खाली माहिती देताना तिचे नाव आणि ओळख पटेल असा तपशील देण्याची गरज नाही. माहिती मात्र द्यावीच लागते. ती विनंती लेखी घ्यावी, पालकांची संमती घ्यावी, पोलिसांना दिलेल्या पत्राची पोच जपावी आणि उपचार कोणत्याही कारणाने लांबवू नयेत.

याचेच दुसरे रूप आपल्या ओपीडीत बहुधा पहिल्याच महिन्यात दिसेल. सासूबाईंबरोबर सून पहिल्या तपासणीला येते, गळ्यात मंगळसूत्र, पाचवा महिना. सासूबाई वय एकोणीस सांगतात आणि आधार कार्डावरून हिशेब केला तर सतरा पुरी झालेली नसतात. २०१७ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर अठरा वर्षांखालील पत्नीशी संबंध हाही गुन्हाच आहे, त्यामुळे येथेही कळवण्याचे बंधन लागू होते. काही डॉक्टर यावर उपाय म्हणून तोंडी सांगितलेले वय लिहून मोकळे होतात, तर काही त्या मुलीला दुसरीकडे जायला सांगतात. दोन्ही चूक. पहिल्यात खोटी नोंद होते. दुसऱ्यात रक्तक्षय आणि रक्तदाबाचा सर्वाधिक धोका असलेली गर्भवती तपासणीविना राहते. तिची तपासणी नेहमीप्रमाणे करावी, वयाचा पुरावा पाहून खरे वय लिहावे, कायद्याने कळवणे भाग आहे हे कुटुंबाला शांतपणे आणि त्या मुलीला एकटीला वेगळे सांगावे, आणि मगच पत्र पाठवावे. पोलीस ठाण्याकडून येणाऱ्या प्रतिसादाची पद्धत जागोजागी वेगळी असते, पण आपले पत्र आणि आपला केस पेपर एकच गोष्ट सांगत असले पाहिजेत.

संमतीपत्राबद्दल आपण विचारलेले नाही, तरी सांगतो, कारण सिझेरियन करणाऱ्या रुग्णालयाचा निम्मा कायदा त्यातच आहे. १६ जानेवारी २००८ च्या समीरा कोहली खटल्यात सर्वोच्च न्यायालयासमोर आलेली वस्तुस्थिती अशी होती की रुग्णाने निदानासाठी लॅप्रोस्कोपीची (दुर्बिणीतून पोटाच्या तपासणीची) संमती दिली होती; ती भुलीखाली असताना आईची संमती घेऊन गर्भाशय आणि अंडाशय काढण्यात आले. डॉक्टरांनी रुग्णाचे हित पाहूनच ते केले असले, तरी जिवाला तातडीचा धोका नसताना सज्ञान रुग्णाच्या स्वतःच्या संमतीविना केलेली वाढीव शस्त्रक्रिया बेकायदा ठरली. आपल्याकडे याचे नेहमीचे उदाहरण म्हणजे सिझेरियनच्या वेळीच करायची कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया. टेबलावर असताना बाहेर नवऱ्याला विचारून ती करणे पूर्ण टाळावे. तिची संमती आधी, वेगळ्या कागदावर घ्यावी आणि शस्त्रक्रियेनंतरही क्वचित गर्भ राहू शकतो हे त्यात मराठीत लिहिलेले असावे. शस्त्रक्रिया अपयशी ठरली एवढ्यावरून निष्काळजीपणा सिद्ध होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये म्हटले आहे, पण ती शक्यता रुग्णाला सांगितली होती हे दाखवणारा कागद डॉक्टरकडेच असावा लागतो. छापील इंग्रजी फॉर्मवर घेतलेला अंगठा मी संमती मानत नाही. रुग्णाला पावरी, कोरकू किंवा कन्नडच समजत असेल तर समजावून सांगणाऱ्या व्यक्तीचे नाव आणि सही त्याच कागदावर घ्यावी.

आता केस पेपर. एका रुग्णालयात प्रसूतीनंतरच्या रक्तस्रावात एक स्त्री दगावली. डॉक्टरांनी केलेले उपचार मी बारकाईने पाहिले होते, त्यांत मला दोष दिसला नाही. दुसऱ्या दिवशी कोणाच्या तरी सल्ल्याने त्यांनी इनडोअर पेपर स्वच्छ अक्षरात पुन्हा लिहून काढले. मूळ पानाचा फोटो मात्र रुग्णाच्या भावाने रात्रीच मोबाइलवर काढून ठेवला होता. मूळ पानावर सिस्टरने घाईत, वाकड्या अक्षरात लिहिले होते: ‘२.४० बीपी ८०/५०, मॅडमना फोन’, आणि खाली ‘२.५० मॅडम आल्या’. नव्या पानावर दोन्ही वेळा अडीचच्या होत्या. दहा मिनिटांत डॉक्टर पोहोचल्याचा याहून चांगला पुरावा असूच शकला नसता, आणि तोच त्यांनी आपल्या हाताने नष्ट केला. ग्राहक आयोगासमोर पुढचा सगळा युक्तिवाद उपचारांऐवजी त्या पानावर झाला. म्हणून नियम करावा: लिहिलेले खोडायचे असेल तर एक आडवी रेघ, बाजूला सही, तारीख आणि वेळ; राहिलेली गोष्ट नंतर लिहायची असेल तर ‘मागाहून नोंद’ असे स्पष्ट लिहून प्रत्यक्ष लिहिण्याची वेळ टाकावी. सिस्टरच्या नोंदीला डॉक्टरने कधीही हात लावू नये.

फौजदारी तक्रारीची भीती प्रत्येकाला असते. जेकब मॅथ्यू खटल्यात ५ ऑगस्ट २००५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की डॉक्टरवर फौजदारी कारवाईसाठी ढळढळीत निष्काळजीपणा लागतो, तपास अधिकाऱ्याने आधी शक्यतो सरकारी सेवेतील तज्ज्ञाचे स्वतंत्र मत घ्यावे आणि केवळ तक्रार आली म्हणून अटक करू नये. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६(१) मध्ये वैद्यकीय उपचार करताना नोंदणीकृत डॉक्टरच्या निष्काळजीपणाने मृत्यू झाल्यास दोन वर्षांपर्यंत कैद आहे. असे स्वतंत्र मत देणारे तज्ज्ञ आपल्याला भेटलेले नसतात, त्यांनी रुग्णालाही पाहिलेले नसते. त्यांच्यापुढे असतो तो फक्त केस पेपर. हल्ला किंवा तोडफोड झाल्यास २०१० चा राज्य कायदा आहे, तो दखलपात्र व अजामीनपात्र आहे आणि नुकसानीच्या दुप्पट भरपाईची तरतूद त्यात आहे. फिर्याद देताना त्या कायद्याचा उल्लेख आपण स्वतः करावा, कारण ठाण्यात तो लावायचा बऱ्याचदा राहून जातो.

कागद किती वर्षे ठेवायचे, याचे उत्तर कायद्यागणिक बदलते. २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेप्रमाणे उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षे, एफ फॉर्म दोन वर्षे आणि प्रकरण चालू असेल तर ते संपेपर्यंत, गर्भपाताची नोंदवही आणि कचऱ्याच्या नोंदी पाच वर्षे. प्रसूतीचे आणि नवजात बाळाचे कागद मात्र ते मूल एकवीस वर्षांचे होईपर्यंत ठेवावेत असे मी सांगतो, जागा लागली तरी. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने ऑगस्ट २०२३ मध्ये नवे नियम काढले आणि त्याच महिन्यात स्थगित केले, त्यामुळे २००२ ची आचारसंहिताच पाहावी. तिच्याप्रमाणे रुग्णाने किंवा अधिकृत नातेवाइकाने कागद मागितल्यास ७२ तासांत द्यावे लागतात; रुग्णाला ते मिळण्याचा हक्क आहे हे मुंबई उच्च न्यायालयाने १९९६ मध्येच सांगितले आहे. बिल राहिले आहे, डॉक्टर बाहेरगावी आहेत, वकिलांना विचारून देतो, यांतले कोणतेही कारण चालत नाही. नातेवाईक चिडलेले असतील त्या दिवशी तर प्रत अधिक लवकर द्यावी, कारण उशीर झालेल्या प्रत्येक तासाला कागद बदलल्याचा संशय चिकटतो. अर्ज आला की त्यावर तारीख आणि वेळ घालून लगेच पोच द्यावी, सर्व पानांना क्रमांक घालून त्यांच्या प्रती काढाव्यात, आणि इतकी पाने मिळाली म्हणून नातेवाइकाची सही घेऊन मूळ कागद त्याच दिवशी कपाटात कुलूपबंद करावेत.